पावाची कुळकथा

दिवाळीच्या फराळाच्या ताटात चकली, कडबोळी, शंकरपाळे, अनारसे ह्या सर्वांना मानाची जागा असते. पावाला मात्र तेथे प्रवेश नाही. वर्षाचे बाकीचे दिवस आपण त्याला चहात बुडवतो, मिसळीबरोबर खातो, त्याच्या पोटात वडा घालतो. पण सणाचे ताट वाढले की हा गरीब बिचारा दाराबाहेर उभा. घरात राबणारा, पण सोवळ्यात न चालणारा असा हा पदार्थ आहे. त्याचे असे का झाले ह्याची कथा मोठी आहे, आणि ती त्याच्या नावातच दडलेली आहे. म्हणून आज फराळ करता करता ह्या दोन अक्षरी शब्दाची कुळकथा ऐकू या.

आरंभी एक गंमत पाहा. ‘पावणेआठ वाजता पाव डझन पाव पावले’ हे वाक्य कोणाही मराठी माणसाला एका क्षणात कळते. घड्याळात आठाला पंधरा मिनिटे कमी होती, आणि तीन पाव मिळाले. पण हेच वाक्य मराठी शिकणाऱ्या परक्या माणसापुढे ठेवले, तर तो कपाळाला हात लावील. चार वेळा तोच आवाज, आणि दर वेळी अर्थ निराळा! सारखे दिसणारे हे शब्द एकाच घरातले असतील असे आपल्याला वाटते. पण आडनाव एक असले म्हणून कूळ एक असते असे थोडेच आहे?

पहिले घराणे पायाचे. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय. गाय, घोडा, खाट, चौरंग ह्यांना पाय चार. म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाच्या चरणालाही पाद म्हणतात. प्राकृतात ‘पाद’ मधला ‘द’ झिजला, आणि मराठीपर्यंत येता येता एका बाजूस ‘पाय’ आणि ‘पाऊल’, दुसऱ्या बाजूस ‘पाव’ असे वारस तयार झाले. ह्या घराण्याचा गोतावळा मोठा आहे. ‘सपाद’ म्हणजे पावासह, त्याचा झाला ‘सव्वा’. ‘पादोन’ म्हणजे पाव कमी, त्याचे झाले ‘पाऊण’ आणि ‘पावणे’. रुपयाचा चौथा हिस्सा जी चवली-पावलीतली पावली, तीही ह्याच घरची. पूर्वीची मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकत मोठी होत. त्या पाठांतरात निम्म्याहून अधिक वेळा ते ह्या ‘पाद’ शब्दाचेच नाव घेत असत, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे १९५७ साली दशमान नाणी आली, १९५८ पासून वजनांत किलोचे राज्य सुरू झाले. शेर गेला, अच्छेर गेला, नवटाक गेले. पण आपला ‘पाव’ गेला नाही. पावशेराची जागा पाव किलोने घेतली आणि शब्द होता तिथेच राहिला.

ह्या घराण्याचे नातलग दूरदेशीही आहेत. फारसीत पायाला ‘पा’ किंवा ‘पाय’ म्हणतात. पायात घालायचा जामा तो पायजमा. ग्रीकात ‘पोदोस्’, लॅटिनात ‘पेदिस्’ ह्या रूपांत तोच पाय दिसतो. २ फेब्रुवारी १७८६ रोजी सर विल्यम जोन्स ह्यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण केले आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा एकाच मूळच्या असाव्यात असे सांगितले. त्या विचाराला पुढे जे पुरावे मिळाले त्यांत हा ‘पाद’ शब्द पहिल्या पंक्तीत बसतो. इंग्रजीत मात्र ह्या ‘प’चा ‘फ’ होतो. संस्कृत ‘पितृ’, लॅटिन ‘पातेर’, पण इंग्रजी ‘फादर’. तसेच ‘पाद’ आणि ‘फूट’. हा नियम याकोब ग्रिम ह्यांनी १८२२ साली नीट मांडला. हे ग्रिम म्हणजे ज्यांच्या परीकथा मुले वाचतात त्या दोन भावांतले थोरले. तेव्हा कापडवाल्याच्या दुकानातली फूटपट्टी आणि वाण्याकडचे पाव किलोचे वजन ही खरे म्हणजे चुलत भावंडे आहेत.

दुसरे घराणे ‘पावणे’ ह्या क्रियापदाचे. त्याचा पायाशी काही संबंध नाही. संस्कृत ‘प्राप्’ म्हणजे मिळणे, पोचणे; प्राकृतात त्याचे ‘पाव’ झाले. मनीऑर्डर पावली, पत्र पावले, देव नवसाला पावला, कीर्ती पावला, इतकेच काय पण ‘मरण पावला’ हेही त्यातलेच. पैसे पावले ह्याची खूण ती पावती. खेड्यात ज्याला ‘पावणा’ म्हणतात तो मात्र ह्या घरात चुकून शिरलेला. तो खरा ‘पाहुणा’, आणि त्याचे मूळ संस्कृत ‘प्राघुण’ ह्या शब्दात आहे. पाहुणाच तो, कुणाच्याही घरी उतरायचा!

आता उरला तिसरा, खायचा पाव. त्याच्याविषयी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. पीठ पायाने तुडवून मळतात, म्हणून त्याला पाव म्हणतात, असे कितीतरी घरांतून मुलांना सांगितले गेले आहे. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर किळस असे आणि ऐकणाऱ्याच्या मनात ती कायमची बसे. दुसरी एक सौम्य समजूत अशी की, पावाच्या लादीचे चौकोनी तुकडे पडतात, म्हणून एक तुकडा म्हणजे पाव. दोन्ही समजुती ऐकायला पटतात आणि दोन्ही चूक आहेत. कोण्या भटारखान्यात पिठाचा मोठा गोळा कोणी पायाने तुडवला असेलही. पण नावाचा उगम तिथे नाही. आणि मुद्दा साधा आहे : मराठीत पायाला ‘पाय’ म्हणतात, ‘पाव’ नव्हे. पायाची गोष्ट रचायला हिंदीतला ‘पाँव’ उसना घ्यावा लागतो.

खायचा पाव हा पोर्तुगीज आहे. त्या भाषेत भाकरीला, म्हणजे त्यांच्या भट्टीत भाजलेल्या रोटीला, ‘पांव’ असा नाकातून उच्चार होणारा शब्द आहे. मराठी जिभेने नाकातला सूर सोडला आणि ‘पाव’ ठेवला. ह्याला साक्षीदार हवा असेल तर ‘लिलाव’ हा शब्द घ्या. तोही पोर्तुगीजांचाच, तिकडे त्याचे ‘लेइलांव’ असे सानुनासिक रूप आहे आणि आपल्याकडे त्याचा शेवट अगदी पावासारखाच ‘आव’ असा झाला आहे. एकच टाकसाळ, एकच ठसा. साबण, चावी, पगार, फीत, घमेले, बटाटा, काजू, अननस, कोबी, हापूस ही सारी मंडळी त्याच गलबतातून उतरली. त्यांतल्या हापुसाला आपण देवाच्या नैवेद्यात बसवले, साबणाने अंग धुऊन सोवळे नेसलो. पावाला मात्र तो मान मिळाला नाही.

वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला आणि १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतला. पोर्तुगीज माणसाला भातावर राहवेना. गहू मिळवता येत होता; अडचण होती ती पीठ फुगवण्याची. तिकडच्यासारखे खमीर इथे हाताशी नव्हते. त्यावर गोव्यातल्या लोकांनी तोड काढली ती माडाच्या सुरेची. नारळीच्या झाडावरून उतरवलेली सूर पिठात घातली की पीठ आपोआप फुगे आणि पावाला एक मंद आंबूस गोडी येई. पाव भाजणाऱ्याला पोर्तुगीजांनी ‘पादेइरु’ म्हटले. कोंकणीने त्याचा ‘पोदेर’ केला. सासष्टीतल्या माजोर्डे गावाचे लोक ह्या कलेत पहिले तरबेज झाले असे तिकडे सांगतात. उंडो, पोळी, बांगडीसारखे कांकण असे नाना आकार त्यांनी काढले. सकाळ-संध्याकाळ पोदेर गावातून फिरे तेव्हा त्याच्या काठीला लावलेल्या चकत्यांची खुळखुळ ऐकून मुले धावत. आता त्याच्या हाती सायकल आणि तिचा रबरी भोंगा आला आहे. पण गोव्याची सकाळ अजून त्या आवाजानेच होते.

पोर्तुगीजांची गलबते जिथे जिथे लागली तिथे तिथे हा शब्द उतरला. बंगालीत तो ‘पाउरुटी’ झाला. म्हणजे परका पाव आणि घरची रोटी ह्यांची जोडी लावून दिली. सिंहली भाषेत त्याचे ‘पान’ झाले. सर्वांत मौजेचा प्रवास जपानचा. १५४३ साली पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर पोचले, त्यांच्या मागोमाग धर्मोपदेशक आले, व्यापार आला. पुढे जपानच्या राज्यकर्त्यांना ह्या पाहुण्यांचा धाक वाटू लागला आणि १६३९ साली पोर्तुगीज जहाजांना बंदी झाली. माणसे गेली, धर्माला मनाई झाली. शब्द मात्र राहिला. आजही जपानी माणूस ह्या पदार्थाला ‘पान’ म्हणतो, आणि त्याच्याकडून तो कोरियात ‘प्पांग’ होऊन गेला. १८७४ साली किमुरा नावाच्या भटाऱ्याने तोक्योत गोड लाल चवळीसारख्या कडधान्याचे पुरण भरून ‘आनपान’ काढला. पुरणपोळीचा हा जपानी मावसभाऊच! दुसऱ्याच वर्षी तो सम्राट मेइजी ह्यांच्या पुढे गेला. आणि ह्या किमुराने पीठ कशाने फुगवले? जपान्यांच्या तांदळाच्या मद्याचे, साकेचे, विरजण घालून. गोव्यात माडाची सूर, जपानात साके. एकमेकांना न पाहिलेल्या दोन देशांतल्या भटाऱ्यांनी एका परक्या पदार्थाला आपापल्या घरच्या घोटाने आपलेसे केले.

आता सांगा, जपानी भाषेत पायाला ‘आशी’ म्हणतात. मग पायाने मळतात म्हणून ‘पाव’ ही कथा तिथे कशी लागू पडावी? चौथा हिस्सा म्हणून म्हणावे, तर सिंहली ‘पान’ला आपल्या पावकीशी काय कर्तव्य? एका गावात खरी वाटणारी व्युत्पत्ती दहा गावे फिरवून आणली की तिचे खरेखोटे कळते.

मग ती पायाची गोष्ट इतकी का रुजली? कारण त्या काळी पाव हा खाण्यापुरता राहिला नव्हता. तो जात ठरवीत होता. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत उत्तर कोकणच्या त्या पट्ट्यावर त्यांचा अंमल होता. त्या काळाची एक कथा वसईकडे आणि गोव्यात पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. रात्री विहिरीत पावाचा तुकडा टाकायचा. सकाळी गाव पाणी प्यायले की जाहीर करायचे, तुम्ही बाटलात. ही कथा किती विहिरींची खरी आणि किती विहिरींची ऐकीव, हा वाद बाजूला ठेवू. तिच्यात जी गोष्ट गृहीत धरली आहे ती अधिक विचार करण्यासारखी आहे. पाण्यात पडलेल्या ओल्या तुकड्यात कुणाचा धर्म बदलण्याची ताकद कुठून आली? ती टाकणाऱ्याने दिली नव्हती. ती दिली न टाकणाऱ्यांनी. शेजारच्या गावाने ‘आता तुमची आमची पंगत नाही’ म्हटले, सोयऱ्यांनी दार लावले, आणि तहानेने प्यालेल्या पाण्याने माणसे कायमची परकी झाली. ‘रोटीव्यवहार’ ह्या आपल्या शब्दाची धार तिथे दिसते.

ही धार बोथट करण्याचे पहिले धाडसही पावानेच झाले. १८४९ च्या सुमारास मुंबईत ‘परमहंस सभा’ नावाची एक गुप्त मंडळी निघाली. तिचे प्रमुख होते दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ साली ज्यांनी मराठीचे व्याकरण छापले आणि ज्यांना लोक मराठीचे पाणिनी म्हणू लागले, तेच हे दादोबा. जातिभेद मोडावा हा सभेचा हेतू. आणि नव्या सभासदाची परीक्षा अशी की, त्याने सर्वांसमक्ष ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. आज हसू येईल; पण त्या दिवशी त्या खोलीतल्या तरुणाचा घसा कोरडा पडत असेल. एक घास, आणि घर, आईबाप, बायकोचे माहेर, श्राद्धपक्ष सारे पणाला. मंडळी भीत भीत का होईना, खात होती. परंतु १८६० साली सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे उघडी पडण्याची वेळ आली, आणि सभा विसकटून गेली. त्या राखेत जो विस्तव राहिला त्यातून १८६७ साली प्रार्थनासमाज उभा राहिला. त्याचे पहिले अध्यक्ष दादोबांचे धाकटे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग. पाव खाल्ल्याने माणूस बाटतो की नाही हा प्रश्न एका व्याकरणकाराच्या घरात असा दोन भावांत नांदला, असे म्हणायला हरकत नाही.

पुण्याचे प्रकरण तर सर्वांच्या ओळखीचे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. नंतर चहा आणि बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती पुढ्यात ठेवली. पण उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली, आणि त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक ह्यांची नावे होती! ग्रामण्य झाले, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, आणि अखेर ह्या दोघांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग घ्यावा लागला. ज्या बिस्किटाने एवढे रण माजवले ते पावाचेच भावंड. आणि त्याच्या नावात काय आहे? लॅटिन ‘बिस्’ म्हणजे दोनदा, ‘कोक्तुस्’ म्हणजे शिजवलेले. ‘बिस्’ हा आपला ‘द्विः’ आणि ‘कोक्तुस्’ हा आपल्या ‘पक्व’ शब्दाचा सख्खा नातलग. बिस्कीट म्हणजे द्विपक्व! धर्मसभेपुढे ‘आम्ही द्विपक्वाचे भक्षण केले’ असे निवेदन झाले असते, तर निकाल कदाचित थोडा सौम्य लागला असता.

पावाचेही तसेच आहे. पोर्तुगीज ‘पांव’, स्पॅनिश ‘पान’, इटालियन ‘पाने’ ह्या सर्वांची आई लॅटिन ‘पानिस्’. तिचे मूळ भाषाशास्त्रज्ञ अशा एका आदिधातूशी जोडतात की, ज्याचा अर्थ चारणे, पोसणे, सांभाळणे. लॅटिनात मेंढपाळाला ‘पास्तोर’ म्हणतात. ख्रिस्ती उपदेशकाला पास्टर म्हणतात ते त्यावरून, आणि आपले मराठी ख्रिस्ती बांधव त्याला ‘पाळक’ म्हणतात हे किती नेमके आहे पाहा. कारण संस्कृतातला रक्षण करणे ह्या अर्थाचा ‘पा’ धातू हाही त्याच आदिधातूचा वारस मानतात. गाई राखणारा तो गोप, पृथ्वी राखणारा तो भूप. म्हणजे ज्याला आपण सोवळ्याबाहेर ठेवले तो पाव आणि गोकुळातला गोप ह्यांच्या नावांची नाळ एकच निघते!

‘पानिस्’चे दुसरे एक अपत्य आपल्या इतिहासात फार मोठे झाले. ज्याच्याबरोबर पाव वाटून खायचा, त्याला लॅटिनात पुढे ‘कोम्पानिओ’ म्हणू लागले. ‘को’ म्हणजे सह. अशा सहभोजींचा मेळा ती ‘कंपनी’. आपल्यावर राज्य करून गेलेल्या कंपनी सरकारच्या नावाचा मूळ अर्थ ‘एका पंक्तीला बसणारे’ असा आहे. आणि त्या सरकारच्या माथ्यावरचा लाटसाहेब? इंग्रजी ‘लॉर्ड’ हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘पावाचा राखणदार’ अशा अर्थाच्या जोडशब्दातून झिजून झाला आहे, आणि ‘लेडी’ म्हणजे पीठ मळणारी. म्हणजे लाटसाहेब भटारखान्याच्या दाराशी बसलेले आणि लाटीणबाई परातीपुढे! सारे साम्राज्य शेवटी भाकरीपाशी येऊन थांबते.

मघाशी ‘प’चा ‘फ’ होतो असे म्हटले, तो नियम इथे पुन्हा लावून पाहा. पोसण्याच्या त्या आदिधातूपासून इंग्रजीत आला ‘फूड’, आणि ‘पाद’चा भाऊ तो ‘फूट’. इंग्रजीने अन्न आणि पाय ह्यांत एका व्यंजनाचे अंतर ठेवले. मराठीत ते अंतरही राहिले नाही. पायाचा पाव आणि अन्नाचा पाव एकरूप झाले, आणि त्या योगायोगावर लोकांनी पायाने तुडवण्याची गोष्ट रचली. शब्दांचे नाते चुकले तर फारसे बिघडत नाही. पण त्या चुकीच्या नात्याच्या आधारे माणसांचे नाते तोडले गेले, हे ह्या कुळकथेतले दुःख आहे.

काळाने ते पुष्कळसे भरून काढले. मुंबईच्या गिरण्यांत, इराण्याच्या हॉटेलांत, स्टेशनाबाहेरच्या गाड्यांवर लाखो माणसे शेजारी शेजारी उभी राहून पाव खाऊ लागली. कोणाच्या हातचा, हे विचारण्याला गाडी सुटण्याच्या घाईत सवड नव्हती. परमहंस सभेने दार लावून, आवाज दाबून जे केले, ते वडापावाने भर रस्त्यात, कोणतीही शपथ न घेता केले.

दिवाळीच्या ताटात पाव नसला तर नसो; चकलीशी त्याचे जमणारही नाही. पण फराळ गोड वाटू लागेनासा झाला, की चौथ्या-पाचव्या दिवशी घरातले कोणीतरी हळूच म्हणते, ‘आज मिसळ करू या.’ मग धाकट्याला पैसे देऊन पिटाळतात, आणि तो पावणेआठ वाजता पाव घेऊन येतो. त्या वेळी त्याला बसवून ही कुळकथा जरूर सांगा, आणि पायाची ती जुनी गोष्ट मात्र सांगू नका.